मुळांचा जमाखर्च

कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ शेतकी पुस्तकांत सापडते. ती घालून देणारा साहेब किती जणांना आठवतो? सर अल्बर्ट हॉवर्ड १८७३ साली श्रॉपशायरमधल्या शेतकरी घरात जन्मले. १९०५ मध्ये बिहारातल्या पुसा येथे आले, १९२४ पासून होळकरांच्या इंदुरात रमले. पत्नी गॅब्रिएल त्याच तोलाच्या शास्त्रज्ञ. १९३० मध्ये त्या गेल्या. पुढल्याच वर्षी कंपोस्टवरचे पुस्तक निघाले, सहलेखक यशवंत वाड.

निवृत्तीनंतर, १९३७-३८ मध्ये, हॉवर्ड भारत-सिलोनचे चहामळे हिंडले. कंपोस्ट मिळालेल्या चहाच्या मुळांत त्यांना बुरशी दिसली. झाड ती पचवून पोसते, असे त्यांनी मानले. अनेक शास्त्रज्ञांनी नाके मुरडली.

तो तर्क चुकलाच. बुरशी स्फुरद आणून देते, मोबदल्यात साखर घेते. मळ्यांच्या आम्ल मातीत स्फुरद लोह-अ‍ॅल्युमिनियमला जखडलेला असतो. आच्छादनाला पेरलेल्या द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींना नत्र बांधताना तोच लागतो. बुरशी नसेल तर हिरवळीचे पीकही उपाशी.

१९४७ मध्ये हॉवर्ड वारले. बँकेत हयात गेलेला मी एवढेच म्हणेन : नोंद चुकली, खाते मात्र त्यांनी योग्य उघडले होते.