मोटारी धुणारा चित्रकार

मुलांनो, कृष्णाजी आरा यांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळ बोलारम इथे झाला. आई लहानपणीच वारली. सातव्या वर्षी घर सोडून ते मुंबईला आले. लोकांच्या घरी काम केलं, मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. पण चित्र काढणं सोडलं नाही.

विषय रोजचेच: फुलं, फळं, भांडीकुंडी. जलरंगसुद्धा ते तेलरंगासारखे दाट लावत. कुंचल्याचे जोरदार फटकारे चित्रात दिसतात. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन वगैरे मित्रांबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला. १९५२ साली नुसत्या दोन भांड्यांच्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं! १९८५ साली ते वारले.

आपल्या औंढ्यातही घरोघरी हंडे-कळश्या आहेत. आज एकदा नीट बघा आणि काढा.