खैबरचा राखणदार
वायव्येकडील खैबर खिंडीतून शतकानुशतके परचक्रे हिंदुस्थानात उतरली. इ. स. १७५८ मध्ये मराठ्यांनी अटकेपर्यंत मजल मारली. परंतु तेथील बंदोबस्त टिकला नाही. दुसऱ्याच वर्षी अब्दालीचे सैन्य पुन्हा सिंधू ओलांडून आले. मुलूख जिंकणे निराळे व त्याची सीमा राखणे निराळे. हे पुरते जाणणारा सेनापती म्हणजे हरिसिंग नलवा.

आज पाकिस्तानात असलेल्या गुजराणवाला येथे इ. स. १७९१ मध्ये त्याचा जन्म झाला. बालपणीच त्याचे पितृछत्र हरपले. पुढे महाराजा रणजितसिंगाच्या पदरी राहून पराक्रमाच्या बळावर तो सेनापती झाला. इ. स. १८३४ मध्ये त्याने पेशावर घेतले. पण खिंडीचे तोंड मोकळे असेपर्यंत पेशावर निर्धास्त नव्हते. म्हणून इ. स. १८३६ मध्ये त्याने तेथेच जमरूडचा किल्ला बांधविला.

पुढील वर्षी राजपुत्राचा विवाह होता. निवडक फौज तिकडे गेलेली पाहून अफगाण सैन्य जमरूडवर चालून आले. किल्ल्यातील शिबंदी थोडी होती. पण ती हटली नाही. हरिसिंग पेशावराहून मदतीस धावला आणि ३० एप्रिल १८३७ रोजी धारातीर्थी पडला. शिबंदीचा धीर खचू नये म्हणून मृत्यूची वार्ता गुप्त ठेवण्यात आली, असे सांगतात. लाहोरची कुमक येईपर्यंत किल्ला अभंग राहिला.

केवळ उंच डोंगरांनी सीमा सुरक्षित होत नाही. तिच्या प्रत्येक वाटेवर डोळ्यांत तेल घालून पहारा करणारी माणसे असावी लागतात.