जातिवंत

आमच्या दावणीला खिलार बैलांची जोडी आहे. चाकणच्या बाजारात खोंड घेताना काका शिंगे, वशिंड, खूर, भोवरे सारे निरखतात, दात पाहतात आणि मगच दलालाच्या रुमालाखाली हात घालतात. जनावर मनास आले की ते जातिवंत आहे, एवढेच बोलतात. गेल्या वर्षी हाच शब्द त्यांनी माणसांना लावला. माझी चुलत बहीण एका कारखान्यात नोकरीस आहे. तिथल्याच एका परजातीच्या मुलाशी लग्न करण्याचे तिने घरी सांगितले. खिलारी गाईच्या पोटी खिलारच निपजतो, तसेच माणसाचे, असे काकांचे म्हणणे. मला उत्तर सुचेना. ते शोधता शोधता मी इरावती कर्वे यांच्या चरित्रापाशी आले.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीचेच नाव मुलीला ठेवले. सातव्या वर्षी ती पुण्यास हुजूरपागेत आली आणि रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढली. फर्ग्युसनची पदवी, मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए., महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी विवाह, आणि १९२८ साली बर्लिन.

तेथे त्यांचे मार्गदर्शक होते मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर. माणसाची वंशलक्षणे ही पाळीव जनावरांच्या लक्षणांसारखीच आहेत, असे या गृहस्थांनी १९१४ सालीच मांडले होते. म्हणजे आमचे काका एकटे नव्हेत! युरोपीय माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी अधिक असमान असते आणि त्याचा संबंध त्याच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असा फिशर यांचा तर्क होता. तो तपासण्याचे काम या हिंदी विद्यार्थिनीकडे आले. तिने १४९ कवट्या मोजल्या. असमानता सर्वत्र आढळली, पण वंशाशी तिचा काही मेळ बसेना. परदेशात, गुरूच्या मर्जीवर पदवी अवलंबून असताना, तिने तसेच लिहिले. १९३० साली डॉक्टरेट मिळाली. फिशर पुढे १९३३ साली, नाझी राजवटीत, बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले.

१९३९ पासून इरावतीबाई डेक्कन कॉलेजात होत्या. पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटरवर जाणाऱ्या या विदुषीची ‘युगान्त’मुळे घराघरांत ओळख झाली, पण त्यांचा बराच काळ गावोगावी माणसे मोजण्यात गेला. बर्लिनचा अनुभव घेऊनही मोजपट्टी त्यांनी का सोडली नाही, हे कोडे मला पुरते उलगडलेले नाही. मात्र मोजून जे निघेल ते त्या मान्य करीत. १९६८ साली कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण जातींची तुलना प्रसिद्ध केली. एका वर्णाच्या या जाती एकाच मुळापासून फुटल्या, असे काही त्यांना दिसले नाही.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्या वारल्या. दोनच वर्षांनी रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवले की माणसातील सुमारे ८५ टक्के जनुकीय भिन्नता एकाच समूहातल्या माणसामाणसांत असते. वंशावंशांतील वाटा ६ टक्क्यांच्या आसपास. कुत्र्यांच्या जातींमधील हा वाटा पुढे २७ टक्क्यांच्या घरात निघाला. आपल्याकडे जातीतल्या जातीत लग्ने झाल्याच्या खुणा जनुकांत आहेत, हे खरे; काही आनुवंशिक रोगही त्यामुळे वाढतात. पण २०१३ सालच्या संशोधनाप्रमाणे सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत येथील समूह एकमेकांत सर्रास मिसळत होते. शिवाय खिलार खिलार राहतो तो मालक वळू निवडतो म्हणून. उरलेले गोऱ्हे खच्ची केले जातात. माणसांत हे काम कोणी केले?

हे सारे मी काकांना सांगितले. कवट्यांचे त्यांना पटले नाही. गोऱ्ह्यांच्या मुद्द्यावर मात्र ते थबकले आणि वैरण टाकायला उठून गेले. बहिणीच्या लग्नाची बोलणी अजून व्हायची आहेत.