इंजिन पास, हवा नापास : थॉमस मिजली

आय. सी. इंजिन्सच्या पुस्तकातली एक ओळ आपण सगळ्यांनी पाठ केलेली असते. नॉकिंग कमी करण्यासाठी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे टीईएल, मिसळत. दोन मार्कांचं उत्तर, विषय संपला. हे शोधणारा माणूस कोण, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. सुट्टीत आंबिवलीला घरी गेले, तेव्हा बाबांचा पेट्रोल पंपावरून आल्यावर रोजचा एकच विषय. वीस टक्के इथेनॉल आल्यापासून त्यांच्या जुन्या बाईकचं अॅव्हरेज पडलंय. त्यांना समजावायचं म्हणून मी वाचायला बसले आणि इथेनॉलच्या मागे जात जात थॉमस मिजलीपाशी पोचले.

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ चा, अमेरिकेतल्या बीव्हर फॉल्स गावचा. १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. म्हणजे आपल्याच ब्रँचचा! केमिस्ट्री तो पुढे गरजेपोटी शिकला. १९१६ मध्ये डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली लागला. आपण बटण दाबून गाडी चालू करतो, तो सेल्फ-स्टार्टर या केटरिंगने आणलेला. तेव्हा गाड्या फार नॉक मारायच्या आणि लोक दोष द्यायचे केटरिंगच्या बॅटरी इग्निशनला. बाबांच्या मागे बसून माळशेज घाट चढताना टॉप गिअरमध्ये इंजिन जे खडखडतं, तेच हे. ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. मिजलीने दाखवून दिलं की दोष ठिणगीचा नाही, इंधनाचा आहे.

मग सुरू झाली टेस्टिंगची खरी मजा. पेट्रोलला लाल रंग दिला तर ते उष्णता जास्त शोषेल आणि नॉकिंग थांबेल, असा एक तर्क निघाला. हाताशी लाल रंग नव्हता, म्हणून आयोडीन टाकलं. नॉकिंग थांबलं! नंतर खरे लाल रंग आणून टाकले, तर काहीच फरक नाही. तर्क चूक, उत्तर बरोबर. (आपल्या काही सबमिशनसारखंच.) पण आयोडीन महाग, शिवाय धातू खाणारं. पुढची काही वर्षं तो एकेक पदार्थ घालून बघत राहिला. टेल्युरियमने काम झालं, पण लसणासारखा वास अंगाला असा चिकटला की जाईना. नॉकिंग कानाने मोजणं पटेना, म्हणून त्याने सहकारी बॉइडबरोबर एक उपकरण बनवलं. सिलिंडरच्या पडद्यावर एक पिन टेकवलेली. नॉक झाला की पिन उडते, सर्किट जोडलं जातं, आणि त्या करंटने जितका वायू सुटेल तितकं नॉकिंग. मला तर हे वाचून लॅबमध्ये करून बघावंसं वाटलं.

आणि आता इथेनॉल. ऑक्टोबर १९२१ मध्ये मिजली तीस टक्के अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर गाडी चालवत डेटनहून इंडियानापोलिसला इंजिनिअरांच्या सभेला गेला. नॉकिंग नाही, धूर कमी. म्हणजे उत्तर हातात होतं! पण अल्कोहोल खूप लागतं आणि त्यावर कोणाचं पेटंट चालत नाही. ९ डिसेंबर १९२१ ला टीईएल सापडलं. हजारात एक भागाहूनही कमी पुरत होतं. इंजिनच्या सगळ्या चाचण्या झाल्या. व्हॉल्व्ह आणि प्लगवर शिशाचा थर बसतो हे दिसल्यावर ब्रोमीनचं संयुग घातलं, म्हणजे शिसं एक्झॉस्टमधून बाहेर जाईल. इंजिन स्वच्छ झालं. बाहेर कुठे जाईल, ही टेस्ट कोणी लावली नाही. माझ्या मते त्याची खरी चूक इथेच. कारण शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. १९२३ मध्ये माल विकायला काढताना नाव दिलं नुसतं एथिल, शिशाचा उल्लेख नाही.

त्याच वर्षी मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडून विश्रांतीला गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तीसहून जास्त आजारी पडले. तेव्हा याच मिजलीने पत्रकारांसमोर टीईएलने हात धुतले आणि मिनिटभर वास घेऊन दाखवला. हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं. १९२५ च्या सरकारी परिषदेत अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी विरोध केला, विक्री काही काळ थांबली आणि १९२६ मध्ये परत सुरू झाली.

पुढे त्याने फ्रिजसाठी फ्रिऑन आणला, ज्याने ओझोनचं काय केलं ते आपल्याला माहीत आहे. मानसन्मान खूप मिळाले. १९४० मध्ये पोलिओ झाला. बिछान्यातून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि पुलींची यंत्रणा स्वतः बनवली. २ नोव्हेंबर १९४४ ला त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो गेला. वय पंचावन्न.

मुंबईत शिसंविरहित पेट्रोल १९९५ मध्ये आलं आणि देशभर शिसं बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. जगातला शेवटचा देश अल्जेरिया, २०२१ मध्ये. आपल्याकडे इथेनॉलचा पहिला प्रयोग २००१ मध्ये झाला, त्यात मनमाड आणि मिरज होतं. पुण्यात टेकडीवर जी एआरएआय आहे, तिथेही वीस टक्केवाल्या पेट्रोलच्या चाचण्या झाल्या. आता मायलेज, रबर, धातू यांच्याबरोबर एक्झॉस्टमधून काय बाहेर पडतं तेही मोजतात.

बाबांना मी नीती आयोगाचा २०२१ चा अहवाल दाखवला. जुन्या डिझाइनच्या दुचाकीचं मायलेज ३ ते ४ टक्के कमी होईल, असा त्यात अंदाज आहे. बाबा म्हणतात, त्यांचं याहून जास्त पडलंय. शेवटी ठरलं की दर वेळी टाकी फुल करायची आणि किलोमीटर वहीत लिहायचे. पेट्रोलची रबरी नळी मी बघितली, कडक झाली होती, ती बदलली. वहीत आतापर्यंत तीन नोंदी झाल्यात.