आवक, जावक आणि जनुके

१९३५ मध्ये जनुक नेमके कशाचे बनलेले असते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. डीएनएची रचना उलगडायला आणखी १८ वर्षे जायची होती. तरीही त्या वर्षी लंडनमधल्या एका प्राध्यापकाने हिमोफिलियाचे जनुक दर पिढीत नव्याने किती वेळा बिघडते, याचा आकडा मांडला. त्याच्याजवळ रुग्णसंख्येची माहिती होती आणि गणित होते. जॉन बर्डन सँडर्सन हाल्डेन हे त्यांचे नाव.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे नामवंत अभ्यासक. कोळशाच्या खाणीतल्या विषारी वायूंचा माणसावर काय परिणाम होतो, हे ते स्वतःवर प्रयोग करून पाहत. मुलालाही ते खाणीत घेऊन जात. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची सवय मुलाने तिथेच उचलली आणि ती जन्मभर टिकली. पुढे पाणबुडीतील माणसे का गुदमरतात, हे शोधताना हाल्डेन स्वतः बंद टाकीत बसले. अशा प्रयोगांत त्यांच्या कानाचा पडदा फाटला, पाठीच्या मणक्यालाही इजा झाली.

ऑक्सफर्डला ते गणित आणि ग्रीक-लॅटिन शिकले. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. आनुवंशिकतेचे पहिले धडे त्यांनी धाकटी बहीण नेओमी हिच्यासोबत प्राणी पाळून गिरवले. उंदरांमधली काही लक्षणे जोडीने पुढच्या पिढीत उतरतात, हे या भावंडांना आणि स्प्रंट या त्यांच्या सहकाऱ्याला दिसले. तो निबंध १९१५ मध्ये छापून आला, तोवर स्प्रंट पहिल्या महायुद्धात मारले गेले होते. हाल्डेनही आघाडीवर होते. मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर उपचारांसाठी त्यांना भारतात आणले गेले. या देशाशी त्यांची ती पहिली ओळख.

युद्धानंतर त्यांनी गुणसूत्रांचे नकाशे हाती घेतले. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त. पण दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर ती पुन्हा एकत्र येतात आणि मोजणीत काहीच दिसत नाही. ही लपलेली अदलाबदल धरून खरे अंतर काढण्याचे सूत्र हाल्डेन यांनी १९१९ मध्ये दिले. अंतराच्या एककाला त्यांनी टी. एच. मॉर्गन यांच्यावरून नाव दिले. सेंटिमॉर्गन हे माप आजही जनुकीय नकाशांवर वापरतात.

१९२३ मध्ये ते केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. पेशीतली बहुतेक सगळी कामे विकरे, म्हणजे एन्झाइम, पार पाडतात. विकर आधी पदार्थाला चिकटते, मग त्याचे रूपांतर करून मोकळे होते. जी. ई. ब्रिग्ज यांच्यासह १९२५ मध्ये हाल्डेन यांनी मांडले, की ही चिकटलेली जोडी जितक्या वेगाने तयार होते, जवळजवळ तितक्याच वेगाने ती मोडत असते. आवक आणि जावक सारखी, म्हणून पातळी स्थिर. एवढे गृहीत धरले की विकराच्या वेगाचे समीकरण सुटते. आज संगणकावर पेशीतल्या शेकडो रासायनिक क्रियांचे जाळे मांडताना शास्त्रज्ञ पुष्कळदा याच कल्पनेपासून सुरुवात करतात.

हिमोफिलियाच्या गणितातही हाच आवक-जावकेचा हिशेब होता. या आजारात रक्त नीट गोठत नाही. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक. म्हणजे समाजातले एकतृतीयांश एक्स पुरुषांकडे असतात. त्या काळी हिमोफिलिया झालेला मुलगा बहुधा मूल होण्याआधीच दगावे. म्हणजे दर पिढीत या जनुकाच्या जवळपास एकतृतीयांश प्रती नाहीशा होणार. मग काही पिढ्यांत आजारच संपायला हवा होता. तो संपत नव्हता, याचा अर्थ तेवढाच बिघाड नव्याने होत होता. लंडनमधील रुग्णांच्या प्रमाणावरून हाल्डेन यांनी हा वेग काढला : एका पिढीत साधारण ५० हजारांत एक. माणसाच्या जनुकातील बदलाचा वेग मोजण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. दोनच वर्षांनी ज्युलिया बेल यांच्यासह त्यांनी हिमोफिलिया आणि रंगांधळेपणा यांची जनुके एकाच गुणसूत्रावर जोडलेली असल्याचे दाखवले.

थॅलेसेमियाचा हिशेब मात्र जुळेना. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात या रक्तविकाराचे वाहक इतके होते, की नव्या बिघाडाने एवढी भरपाई होणे हाल्डेन यांना पटेना. आवक दुसरीकडून होत असणार. वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावे, म्हणून हे जनुक टिकून आहे, असा तर्क त्यांनी १९४९ मध्ये मांडला. पाच वर्षांनी अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत नेमके हेच दाखवून दिले. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेलमागेही हेच कारण मानले जाते. वाहक स्वतः सहसा निरोगी असतो. पण आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाआधी रक्ततपासणीचा आग्रह धरला जातो तो यासाठी.

आकड्यांशी इतके प्रामाणिक असलेले हाल्डेन एका बाबतीत चुकले. ते कम्युनिस्ट होते. सोव्हिएत संघात लायसेन्को यांनी आनुवंशिकीशास्त्रच खोटे ठरवले. शास्त्रज्ञांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना तुरुंगवास झाला. हाल्डेन यांच्या परिचयाचे निकोलाय वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगातच वारले. तरीही हाल्डेन बराच काळ उघड निषेध करायला कचरले. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, पण त्या मौनाचा डाग राहिला.

१९५७ मध्ये ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह भारतात आले. सुएझवरील ब्रिटिश हल्ल्याचा निषेध हे त्यांनी दिलेले एक कारण. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांना बोलावले होते. हाल्डेन यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, मांसाहार सोडला, साधे भारतीय कपडे घालू लागले. महागडी उपकरणे नाहीत म्हणून विज्ञान अडत नाही, असे ते विद्यार्थ्यांना शिकवत. नारळाच्या झाडांची पाने डावीकडे वळतात की उजवीकडे, याची मोजदाद त्यांच्या प्रोत्साहनाने झाली. १९६२ मध्ये त्यांनी भुवनेश्वरला आनुवंशिकीची प्रयोगशाळा उभारली.

पुढच्याच वर्षी त्यांना गुदाशयाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. लंडनच्या रुग्णालयात असतानाच त्यांनी या आजारावर एक विनोदी कविता लिहून छापायला दिली. लोकांनी लाज आणि भीती सोडून वेळेत डॉक्टरकडे जावे, हा तिचा हेतू. शौचावाटे रक्त पडत असेल तर मूळव्याध समजून अंगावर काढू नये, हे आजही सांगावे लागते. शस्त्रक्रिया झाली, पण रोग थांबला नाही. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून त्यांच्या इच्छेनुसार देह काकिनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाकडे सुपूर्द करण्यात आला. त्यांनी सोबत आणलेले ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ हे नियतकालिक आजही बंगळूरुहून निघते.