गाळातील जग उलगडणारा शास्त्रज्ञ

माणदेशातील आटपाडी तालुका दुष्काळी म्हणूनच ओळखला जातो. येथील तलाव उन्हाळ्यात तळ गाठतात आणि पहिल्या पावसाबरोबर शेण, पालापाचोळा वाहून आला की पाण्याचा रंग आणि वास पालटतो. असा पालट घडविणाऱ्या सूक्ष्म जीवांचे गणित ज्यांनी प्रथम मांडले, त्यांत सर्गेई विनोग्राद्स्की यांचे नाव अग्रभागी आहे.

१८५६ मध्ये कीव्ह येथे जन्मलेल्या विनोग्राद्स्की यांनी प्रारंभी कायद्याचे आणि पियानोवादनाचे शिक्षण घेतले. मात्र अखेर ते निसर्गविज्ञानाकडे वळले. १८८५ मध्ये स्ट्रासबर्गला जाऊन त्यांनी गंधकयुक्त झऱ्यांतील बेगियाटोआ या तंतुमय जीवाणूंचा अभ्यास आरंभला. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असेपर्यंत त्यांच्या पेशींत गंधकाचे कण साठत. ते संपले की कणही नाहीसे होत. सेंद्रिय अन्नाऐवजी रासायनिक द्रव्यांपासून ऊर्जा मिळविणारे जीव असतात, हा विचार त्यातून जन्मला. पुढे झुरिक येथे त्यांनी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू निरनिराळे असल्याचे दाखविले. काचेच्या नळीत गाळ व पाणी भरून ती उजेडात ठेवल्यास प्रकाश, प्राणवायू आणि गंधक यांनुसार जीवाणूंचे रंगीत थर बनतात. हा प्रयोग आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१९०५ च्या सुमारास प्रकृतीमुळे त्यांनी संशोधन सोडले. रशियन क्रांतीनंतर त्यांना देश सोडावा लागला. १९२२ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या निमंत्रणावरून ते फ्रान्सला आले आणि पुन्हा प्रयोगशाळेत रमले. मातीतील काही जीवाणू तुटपुंज्या अन्नावर संथपणे जगतात, तर काही निद्रिस्त राहून नवे सेंद्रिय द्रव्य येताच झपाट्याने वाढतात, हे त्यांनी याच काळात मांडले. गोड्या पाण्यातील जीवाणूंचे वर्तन समजण्यासही ही विभागणी उपयोगी ठरली. १९५३ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

टेंभू योजनेद्वारे आता कृष्णेचे पाणी आटपाडीपर्यंत पोहोचले आहे. मात्र पाण्याबरोबर सांडपाणी आणि खतांचा निचराही तलावात मिसळला, तर भुकेले जीवाणू वाढतात, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. तलाव किती भरला, याइतकेच त्यात काय मिसळते, हेही महत्त्वाचे आहे. विनोग्राद्स्की यांच्या संशोधनाचे मोल येथे कळते.