जाईबाई चौधरी

जाईबाई चौधरी (जन्म : १८९२, उमरेड, नागपूर जिल्हा) या दलित शिक्षिका, समाजसुधारक आणि नागपुरातील संत चोखामेळा कन्या पाठशाळेच्या संस्थापक होत. नव्या वस्तीत त्यांनी ही शाळा काढली.

जीवन

त्यांचा जन्म महार कुटुंबात झाला. १८९६ च्या दुष्काळात हे कुटुंब पोटापाण्यासाठी नागपुरास आले. जाईबाईंना लिहिण्यावाचण्यापुरते शिक्षण मिळाले. मात्र वयाच्या नवव्या वर्षी, १९०१ मध्ये, त्यांचा विवाह बापूजी चौधरी यांच्याशी झाला. घरच्या गरिबीमुळे त्यांनी हमालीही केली. नागपूर-कामठी या मार्गावर त्या ओझी वाहत असत. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या साहाय्याने त्यांना मिशनच्या शाळेत दरमहा ४ रुपये वेतनावर शिक्षिकेचे काम मिळाले. अस्पृश्य स्त्री आपल्या मुलांना शिकवते हे कळताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला व जाईबाईंना नोकरी सोडावी लागली. हरकतीचे कारण शिक्षिकेची जात एवढेच होते.

शाळा

या अनुभवानंतर १९२२ मध्ये त्यांनी मुलींसाठी स्वतंत्र शाळा सुरू केली. चोखामेळा हे महार समाजातील वारकरी संत. विदर्भातील दलित चळवळीने त्या काळी आपल्या अनेक कार्यांना त्यांचेच नाव दिले. किसन फागूजी बनसोडे (१८७९–१९४६) यांनी नागपुरात स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार आधीच केला होता व जाईबाई त्यांच्याच चळवळीत घडल्या. आईवडील गिरणीत किंवा मोलमजुरीला गेले की घर आणि धाकटी भावंडे थोरल्या मुलीने सांभाळायची, अशी श्रमिक वस्त्यांची रीत होती. त्यामुळे सरकारी परवानगी किंवा इमारत मिळण्यापेक्षाही मुलीला घरातून सोडवून आणणे हे काम अधिक कठीण होते. शिकवणारी बाई आपल्याच समाजातील आहे, ही गोष्ट अशा वेळी उपयोगी पडणारी होती. 

१९३७ चा प्रसंग

डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. त्यात जाईबाईंसह दलित स्त्रियांना भोजनासाठी वेगळे बसविण्यात आले. स्त्रियांच्या उन्नतीचे ठराव करणाऱ्या व्यासपीठावर हे घडले, हे विशेष. याच्या निषेधार्थ १ जानेवारी १९३८ रोजी नागपुरात दलित स्त्रियांची सभा झाली.